फोडणारा स्टार्च, धरून ठेवणारा स्टार्च

गोळीत स्टार्च घालायचा तो ती फुटावी म्हणून, हा औषधनिर्मितीतला जुना रिवाज. स्टार्च पाणी शोषतो, फुगतो आणि दाबून घट्ट केलेली गोळी आतून सुटी करतो. बटाट्याच्या स्टार्चवर प्रक्रिया करून मिळणारं सोडियम स्टार्च ग्लायकोलेट तर या कामात इतकं पटाईत, की गोळीच्या वजनाच्या २ ते ८ टक्के घातलं तरी भागतं. अशा पदार्थाकडून दिवसभर हळूहळू औषध सोडणारी गोळी करून घ्यायची, हे ऐकायला विचित्रच वाटतं.

पण स्टार्च काही एकजिनसी नसतो. त्यात फांद्या फुटलेलं अमायलोपेक्टिन असतं आणि सरळ साखळीचं अमायलोज. साध्या मक्याच्या स्टार्चमध्ये अमायलोज साधारण पाव हिस्सा, काही खास वाणांत मात्र ७० टक्क्यांच्या घरात. सरळ साखळ्या एकमेकींना पीळ घालून घट्ट बसतात. रात्रीचा मऊ भात सकाळी टणक होतो त्यात याच साखळ्यांचा मोठा वाटा असतो.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडातल्या माँट्रियलमध्ये लेनार्ट्स, मातेस्कू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या साखळ्यांमध्ये रासायनिक सांधे घातले. सांधे जितके जास्त तितकी गोळी चिवट, असा आपला अंदाज असतो. झालं वेगळंच. सांधे थोडे असताना औषध सर्वांत हळू सुटलं. ते बरेच वाढवल्यावर तोच पदार्थ गोळी फोडायला लागला! जास्त सांध्यांनी साखळ्या जखडल्या की त्यांना हलून एकमेकींना पीळ घालता येत नाही. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

बेताचे सांधे असलेल्या स्टार्चची गोळी पोटात भिजली की तिच्या पृष्ठभागावर जेलीसारखा पण भक्कम थर तयार होतो. पाणी त्यातून सावकाश आत जातं, औषध विरघळून सावकाश बाहेर येतं. स्टार्च पचवणारं अमायलेज आतड्यात असतंच, पण या घट्ट विणीवर त्याचं फारसं चालत नाही. लाबोफार्म या कॅनडातल्या कंपनीने ‘कॉन्ट्रामिड’ नावाने हे तंत्र बाजारात आणलं. या तंत्राने केलेल्या, दिवसातून एकदा घ्यायच्या ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाच्या गोळीला अमेरिकेत २००८ साली परवानगी मिळाली, ट्रॅझोडोन या नैराश्यावरच्या औषधाच्या गोळीला २०१० साली.

तरीही स्ट्रिपवर सावकाश औषध सोडणाऱ्या गोळीची ‘एसआर’ किंवा ‘ईआर’ ही खूण दिसली म्हणजे आत स्टार्चच आहे असं समजू नका. या कामी आजही बहुतेकदा एचपीएमसी वापरतात. तेही वनस्पतींचंच, पण लाकडाच्या किंवा कापसाच्या सेल्युलोजपासून केलेलं. कंपन्यांचा त्यावर वर्षानुवर्षांचा हात बसला आहे. स्टार्च तर आपल्याकडेही होतो; धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्यात तो मक्यापासून काढतात. पण स्टार्च काढणं वेगळं आणि प्रत्येक खेपेला अगदी तेवढेच सांधे घालणं वेगळं. खरी महागडी गोष्ट ती दुसरी.

थर स्टार्चचा असो वा सेल्युलोजचा, अशी गोळी कुटली की तो तयारच होत नाही आणि दिवसभराचं औषध एकदम रक्तात उतरतं. ट्रॅमाडॉलसारख्या औषधात ते जिवावर बेतू शकतं. घरातल्या वृद्धाला गिळता येत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगावं. पुष्कळदा तेच औषध साध्या गोळीत किंवा पातळ रूपात, दिवसातून दोन-तीनदा विभागून देता येतं.