मशीनमागचा कॉक

मैत्रिणींनो, एक विचारू? तुमच्या धुण्याच्या मशीनला पाणी देणारा कॉक तुम्ही शेवटचा कधी बंद केला होता? आठवत नाही ना! आमच्याकडे तर मशीन बसवलं त्या दिवशी तो उघडला, तो उघडाच.

२०२४ च्या जुलैमधली गोष्ट. आमचं कुंभिवली खालापूर तालुक्यातलं. इथे पाऊस लागला की चार-चार दिवस उघडीप नाही. मशीनने पिळून दिलेले कपडे निदान पंख्याखाली वाळतात, त्यामुळे या दिवसांत मशीनचा केवढा आधार! हे पहिल्या पाळीला गेलेले, मला दुपारी शाळेत दोन तास. मशीन लावून सासूबाईंचं ताट वाढत होते, तोच मोरीकडून फस्सकन आवाज. मशीनची नळी कॉकापासून निसटली होती आणि फवारा थेट भिंतीवरच्या प्लगकडे!

आधी बाहेरच्या खोलीतला मेन स्विच बंद केला. एवढं सुचलं हे नशीब. (अशा वेळी प्लगला हात लावायला जाऊ नका बरं.) मग कॉकाकडे धावले. त्याची गोल फिरकी हलेना. जोर लावला तर फिरू लागली, पण नुसती फिरतच राहिली. आतली दांडीच तुटली होती. आणि टाकीचा कॉक? तो गच्चीवर नेमका कुठे आहे हे मला ठाऊकच नव्हतं! सासूबाई पाण्यातून यायला निघाल्या, त्यांना ओरडूनच खाटेवर बसवलं. शेवटी शेजारच्या वहिनींचा मुलगा गच्चीवर चढला. तोवर निम्मी टाकी घरात आणि माझे दोन्ही तास बुडाले.

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. प्रश्न मी विचारायची आणि उत्तर तो ह्यांच्याकडे बघून द्यायचा! तरी काढलेला कॉक मी मागून घेतला आणि वर्तमानपत्रावर खोलून पाहिला. जुन्या पद्धतीच्या कॉकात एक पितळी पडदा असतो. फिरकी फिरवली की तो आट्यांवरून खाली-वर होतो. आमचं पाणी बोअरचं, क्षारांचं. वर्षानुवर्षं न हललेल्या दांडीवर आणि पडद्याच्या खाचेत पांढरा थर दगडासारखा बसला होता. पाण्याची वाटही अरुंद झालेली. मशीन भरायला इतका वेळ का लागायचा ते तेव्हा उमगलं. मी उगाच मशीनला बोल लावत होते.

बदलताना बॉलचा कॉक घ्या, पितळी. त्यात आरपार भोक असलेला गोळा असतो. मूठ नळाच्या रेषेत म्हणजे उघडा, आडवी म्हणजे बंद. पाव फेऱ्यात काम होतं आणि लांबूनही कळतं. घरातला नळ बहुधा अर्ध्या इंचाचा, पण मशीनच्या नळीचा आटा पाऊण इंची. म्हणून दुकानात मशीनसाठीचाच कॉक मागा, नाहीतर दुसरी खेप.

हे काम सकाळी काढा, दुकानं उघडी असताना. आधी दोन बादल्या आणि पिंप भरून ठेवा, मग टाकी बंद करून नळातलं पाणी सोडून द्या. जुना लोखंडी पाइप असेल तर प्लंबरला दोन पाने लावायला सांगा: एकाने पाइप धरायचा, दुसऱ्याने कॉक फिरवायचा. नाहीतर गंजलेला पाइप भिंतीतच मोडतो आणि लाद्या फोडायची पाळी येते. नव्या कॉकाच्या आट्यांवर टेफ्लॉनची टेप, कॉक आवळायच्या दिशेनेच गुंडाळलेली. (नॉनस्टिक तव्यावर असतो तोच हा पदार्थ. १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट यांना तो दुसरंच काही शोधताना सापडला.) मशीनच्या नळीला मात्र टेप नको. तिथे रबरी वॉशर पाणी अडवतो. तो कडक झाला असेल तर बदला, आणि नळी जुनी असेल तर तीही याच खेपेला. तोंडाशी असलेली बारीक जाळी धुऊन घ्या. पावसाळ्यात तिच्यात किती गाळ निघतो ते पाहाच.

टाकी उघडल्यावर सांध्यांखाली कोरडा कागद ठेवा. तासाभराने तो ओला नसला तर सांधा चांगला बसला.

पण नवा कॉकसुद्धा न फिरवता ठेवला तर क्षारांनी तोही धरतो. धुणं संपलं की मी आता तो बंद करते. फिरता राहतो आणि रिकाम्या घरात नळीवर पाण्याचा दाब राहत नाही. टाकीचा कॉकही पाहून आले. आमच्या मुलीने त्यावर लाल रंग लावलाय.

आणि हो, जुना कॉक प्लंबरच्या पिशवीत जाऊ देऊ नका. पितळ भंगारात वजनावर जातं. आमचा मात्र मी विकला नाही, सातवीच्या वर्गाला दाखवायला शाळेत नेलाय.