वर्गणीतला चाँद

शाबान महिना सरत आला की जुन्या नाशकातल्या गल्ल्यांत एक बैठक हमखास बसते. तिला बैठक असे कोणी म्हणत नाही. इशाची नमाज झाली की मशिदीबाहेरच्या ओट्यावर चार-सहा पोरे जमतात, कोणाच्या तरी खिशातून वही निघते आणि विषय एकच असतो: यंदा रोषणाईचे काय? चौक मंडई, बागवानपुरा, कथडा, दूधबाजार, भद्रकाली हा सगळा भाग रमजानमध्ये रात्री जागा असतो. इथे खायला, खरेदीला येणाऱ्यांत सगळ्या धर्मांचे नाशिककर असतात. पाहुणे येणार म्हटल्यावर आपल्या गल्लीच्या तोंडावर काहीतरी हलते-चालते दिसावे, ही पोरांची हौस. वहीतला आकडा मात्र हौसेला पुरत नाही.

न पुरण्याचे एक कारण धर्मातच आहे. रमजानमध्ये सर्वांत मोठी रक्कम बाहेर पडते ती जकातीची. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के. तो कोणाला द्यायचा, याचे आठ हक्कदार कुरआनने ठरवून दिले आहेत. गरीब, गरजू, कर्जात बुडालेला, वाटेत अडकलेला प्रवासी असे ते आहेत. त्यांत विजेचे तोरण कुठेच नाही. फित्र्याची रक्कम ईदच्या नमाजपूर्वी गरिबाच्या घरी पोचली पाहिजे. रोषणाईला उरते ती निव्वळ खुशीची वर्गणी. आणि तीही वहीत लिहिली जात असताना ओट्यावरचे एखादे चाचा विचारतातच, "बेटा, एवढ्या पैशांत किती घरांत रेशन जाईल?" पोरे म्हणतात, "चाचा, लहान पोरं वर्षभर वाट बघतात." दोघांचेही खरे आहे. इसराफ, म्हणजे उधळपट्टी, इस्लामला मान्य नाही. पण पोरांची खुशीही फुकट जाऊ द्यायची नसते. रोषणाईचा आराखडा या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत बसवावा लागतो.

पहिली चूक बहुधा बाजारात होते. पैसे हातात आले की आधी माळा आणल्या जातात आणि मग त्यांचे काय करायचे ते ठरते. व्हायला हवे उलटे. इस्तंबूलमध्ये सुमारे चारशे वर्षांपासून रमजानच्या रात्री दोन मिनारांमध्ये दोर ताणून दिव्यांची अक्षरे आणि चित्रे लावतात. त्याला 'माहया' म्हणतात. तेलाच्या दिव्यांच्या काळात हे कारागीर आधी चौकटीच्या कागदावर ठिपके मांडायचे आणि कोणत्या दोरावर कितव्या जागी दिवा टांगायचा, ते मोजून ठेवायचे. गणिताच्या वहीचे एक पान आजही तेच काम करते, आणि ते फुकट मिळते.

दुसरी गोष्ट हालचालीची. दिवा जागचा हलत नाही. एक विझतो, शेजारचा लागतो आणि डोळ्याला वाटते की उजेड सरकला. हा डोळ्याचा खेळ माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने 1912 साली प्रयोगांनी मांडला. यात इलेक्ट्रिशियनला ठाऊक असलेली, पण नव्या पोरांना हटकून चकवणारी एक खुबी आहे. दिवे दोन सर्किटमध्ये वाटले, एक आड एक, तर ते नुसते लुकलुकतात. उजेड कुठे चालला आहे ते कळत नाही. तीन सर्किट केली आणि एक, दोन, तीन अशी पेटवली की त्याला दिशा मिळते. कमानीवरून धावणारा उजेड हवा असेल तर तीन तारा पुरतात. पूर्वी ही पेटवापेटवी मोटरवर फिरणारा रोलर करायचा. त्यावर पत्र्याच्या पट्ट्या असत आणि पट्टी टेकली की सर्किट जुळे. बंगालमधल्या चंदननगरचे कारागीर जगद्धात्री पूजेसाठी अशाच युक्त्यांनी अख्खे प्रसंग हलवून दाखवू लागले आणि गावाचे नाव देशभर झाले. आता रोलरच्या जागी तळहाताएवढा कंट्रोलर आला आहे. पिक्सेल दिव्यात प्रत्येक दिव्याला स्वतःची चिप असते, त्यामुळे हवा तो दिवा हव्या त्या क्षणी लागतो.

म्हणजे सगळे पिक्सेलच घ्यावेत असे नाही. वर्गणी तोकडी असेल तर धावती कमान तीन तारांवर सोडावी आणि उरलेला जीव एकाच चित्रात ओतावा. ते चित्र चाँदचे असले तर आणखी एक सोय आहे: त्याने पळायची गरज नाही. तो रोज थोडा वाढला तरी चालतो.

समजा, चार फूट व्यासाची प्लायवूडची तबकडी घेतली. तिच्यावर चंद्रकोरीच्या वळणाच्या चौदा पट्ट्या आखल्या आणि प्रत्येक पट्टीत सरासरी वीस छोटे एलईडी बसवले. एकूण 280. पहिल्या रोजाच्या आदल्या रात्री एकच पट्टी लावायची, मग रोज इफ्तारनंतर एक वाढवायची. चौदाव्या रात्री तबकडी पूर्ण उजळते. पुढे ज्या कडेने भरली त्याच कडेने ती विझवत जायची. कंट्रोलरही लागत नाही, चौदा साधी बटणे पुरतात. रोजचे बटण कोणी दाबायचे यावर पोरांत भांडणे होतील, ती होऊ द्यावीत.

पहिली पट्टी मात्र खालच्या उजव्या कडेला हवी. बाजारातल्या तयार पॅनलवर बऱ्याचदा कोर डावीकडे उजळलेली असते, तिची टोके उजवीकडे. तसा चाँद महिना संपताना पहाटे, सेहरीच्या सुमारास दिसतो. संध्याकाळचा नवा चाँद मावळलेल्या सूर्याकडे, पश्चिमेकडे उजळलेला असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तर नाशकातून तो जवळजवळ नावेसारखा आडवा दिसतो. हिलाल पाहून रोजे धरणाऱ्यांनी हिलालच उलटा टांगावा, हे जरा गमतीचेच.

आणि हा चाँद एका गल्लीपुरता राहत नाही. 2025 साली होळी 13 मार्चला पेटली तेव्हा रमजानही मध्यावर होता. हुताशनी पौर्णिमेचा चंद्र आणि रमजानचा पूर्ण चाँद एकच. त्याच महिन्याच्या 30 तारखेला गुढ्या उभ्या राहिल्या आणि 31 तारखेला ईद झाली. तबकडी रोज बघणाऱ्या शेजाऱ्याला हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

चौक मंडईपासून जवळच दादासाहेब फाळक्यांच्या नावाचा रस्ता आहे. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, 1912 सालीच, त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाचे चित्रण केले होते. रोज थोडी थोडी फिल्म घेतली आणि सलग दाखवल्यावर अंकुर डोळ्यांदेखत वर आला. पुढे आगकाड्या एकेक करून सरकवत त्यांनी त्यांचाही चित्रपट केला. त्यांच्याकडेही पैसा बेताचाच होता. रोज एक पट्टी उजळणारा चाँद त्याच जातीचा, फक्त तो बघायला महिना लागतो.

आता विजेचा हिशेब. 280 दिवे, प्रत्येकी फार तर 0.3 वॅट, म्हणजे 84 वॅट. रोज पाच तास, तीस दिवस, सगळे दिवे कायम लावले तरी 13 युनिटच्या आत. जुन्या 15 वॅटच्या झिरो बल्बांनी हेच केले असते तर 630 युनिट लागले असते. एवढीशी वीज एखाद्या घरमालकाच्या संमतीने त्याच्या मीटरवरून घेता येते. मोठी कमान असेल तर महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्यावी. खांबावर आकडा टाकून रोजेदारांसाठी रोषणाई करायची, याला काय म्हणावे? चाचांना विचारा.

वायरीवर पैसे वाचवू नयेत. पाच-बारा व्होल्टचे दिवे हाताला सुरक्षित असतात, पण त्यांचा पॉवर सप्लाय 230 व्होल्टवरच चालतो. तो कोरड्या डब्यात, मुलांच्या हातापासून उंच ठेवावा आणि आधी ईएलसीबी बसवावा. लोखंडी ग्रिलला उघडा जोड टेकला तर सणाचे घर सुतकात जाते. पांढऱ्या पिक्सेलची माळ लांबली की शेवटचे दिवे तांबूस पडतात. ते खराब नसतात, त्यांच्यापर्यंत व्होल्टेज पोचत नाही. माळेला दुसऱ्या टोकानेही वीज दिली की रंग परत येतो. हे ठाऊक नसल्याने चांगल्या माळा कचऱ्यात जातात.

गणपतीचे देखावे करणारे कारागीर याच परिसरात आहेत. विसर्जनाची मिरवणूक चौक मंडईतल्या वाकडी बारवेपासूनच निघते. मंडळाच्या खोलीत भाद्रपदापासून पडून असलेला कंट्रोलर किंवा पॉवर सप्लाय महिन्याभरासाठी मागितला तर सहसा नाही म्हणत नाहीत. विचारायला जाताना पोरांनी वही सोबत न्यावी. आकडा दिसला की 'दादा, जरा बघा ना' म्हणायला सोपे जाते. आणि मार्चमध्ये समोरच्या घरात कोणी दहावीला असेल, तर धावती कमान तरावीह सुटल्यावर तासाभरात बंद करावी. चाँद राहू द्यावा, तो झोप मोडत नाही.

एकोणतिसाव्या संध्याकाळी तबकडी पूर्ण अंधारी असते. गल्ली गच्चीवर चढून पश्चिमेकडे बघत असते, एक कान मोबाईलकडे, एक मशिदीच्या भोंग्याकडे. चाँद दिसल्याची खबर आली की कोणीतरी जिन्यावरून धावत खाली येऊन पहिले बटण दाबते. नाही आली, तर दाबायला आणखी एक दिवस थांबायचे. ईदच्या तिसऱ्या दिवशी तबकडी उतरवताना प्रत्येक तारेला चिकटपट्टी लावून आकडा घालावा, 1 ते 14. पुढचा रमजान दहा-अकरा दिवस आधी येतो आणि तोवर कोणती तार कुठली, हे कोणाच्याही लक्षात राहत नाही.