पुनर्वापरयोग्य एअर फिल्टर आणि इंजिनाचे धुळीपासून संरक्षण
ऑफ-रोड वाहनाच्या इंजिनाची झीज प्रामुख्याने डोळ्यांना न दिसणारी धूळ घडवून आणते. काही मायक्रॉनचे क्वार्ट्‌झकण पिस्टन-रिंग व सिलिंडर घासतात. तेल लावलेल्या सुती जाळीचा, धुऊन पुन्हा वापरता येणारा फिल्टर हवेला कमी अडवतो. मात्र कागदी फिल्टरच्या तुलनेत त्यातून सूक्ष्म कणही सामान्यतः अधिक निसटतात. येथे टक्केवारी फसवी ठरते. आयएसओ ५०११ चाचणीत एक फिल्टर ९९ व दुसरा ९७ टक्के धूळ अडवीत असेल, तर फरक क्षुल्लक भासतो. प्रत्यक्षात १०० ग्रॅम धुळीपैकी पहिल्यातून १, तर दुसऱ्यातून ३ ग्रॅम, म्हणजे तिप्पट धूळ इंजिनात शिरते. डांबरी रस्त्यावर हे खपून जाते, वाळवंटात नाही. तेथे कागदी फिल्टरच इष्ट होय. शिवाय धुतल्यानंतर तेल कमी पडल्यास धूळ सुटते आणि अधिक झाल्यास ते हवेचा प्रवाह मोजणाऱ्या सेन्सरवर बसते.