बाबा पुन्हा चालतील का? जीबीएस आजार समजून घेताना



जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी भागात जीबीएसचे रुग्ण एकदम वाढले आणि हे नाव आपल्या अमरावती-अकोल्यातही घरोघरी पोचलं. संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले. पूर्ण नाव गुलेन बॅरे सिंड्रोम. आजार जुना आहे, फ्रेंच डॉक्टरांनी १९१६ मध्येच त्याचं वर्णन केलं होतं.

होतं काय? दूषित पाणी किंवा अर्धकच्च्या चिकनमधून कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू पोटात जातो. जुलाब होतात, थांबतात. पण या जिवाणूच्या आवरणावरचे काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखेच दिसतात. मग जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे चुकून आपल्याच मज्जातंतूंवर तुटून पडतात. मुलांना सांगायचं तर वायरीवरचं प्लास्टिक सोललं, आता करंट नीट जात नाही. (इतर संसर्गांनंतरही हे होऊ शकतं. आणि जुलाब झालेल्या लाखो लोकांपैकी अगदी थोड्यांनाच होतं, म्हणून घाबरून जाऊ नका.) आपल्याकडे नळ काही दिवसांआड येतो, ड्रम भरून ठेवावे लागतात. ते पाणी उकळून प्या, एवढं मात्र नक्की करा.

लक्षणं बहुधा पायापासून सुरू होतात. मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटते, जिना चढवत नाही, मग हातही ढिले पडतात. इथे आपली माणसं म्हणतात, "थकवा असंन, तेल लावून चोळून देऊ." यातच दिवस जातात, आणि हा आजार दिवसांत वर चढतो, श्वासाच्या स्नायूंपर्यंतही. म्हणून पाय झपाट्याने लुळे पडत असतील तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शनं साधारण पाच दिवस देतात किंवा प्लाझ्मा बदलतात. खर्च मोठा आहे, म्हणून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतो का, हे दाखल करतानाच विचारा. स्टेरॉइडच्या गोळ्यांचा यात उपयोग होत नाही.

आता बरं होण्याचं. बहुतेक रुग्ण बरे होतात, पण सावकाश. वाढलेला अशक्तपणा काही दिवस-आठवडे तिथंच थबकतो, मग ताकद परतू लागते, पावलं बहुधा सगळ्यात शेवटी. नुसतं आवरण बिघडलं असेल तर काही महिन्यांत भरून येतं. आतला तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. गणिताच्या तासाला विचारा, ३० सेंटिमीटर वाढायला किती दिवस? तीनशे! फिजिओथेरपीवाले रोज तोच तोच व्यायाम का करून घेतात, ते या उत्तरात आहे.

शिक्षकांनो, अशा घरातलं मूल वर्गात असेल तर त्याची वही अपुरी राहील, मधेच गैरहजेरी लागेल. त्याच्या मनात प्रश्न असतो, "मलेपण होईन का?" त्याला स्पष्ट सांगा, हा आजार बाबांजवळ बसल्याने, त्यांच्या ताटात जेवल्याने होत नाही. दुसरी गोष्ट, बाबा चालू लागले तरी थकवा महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं राहतो. दुपारी ते झोपून राहतात आणि मुलाला वाटतं, बाबा आपल्यावर रागावले. हे आईने घरी सांगावं, नसेल जमत तर तुम्ही सांगा. काठी घेऊन पालकसभेला आलेल्या बाबांसाठी सभा तळमजल्यावर घेता आली तर घ्या.