रंगखडूचा चित्रकार : साधन, संज्ञा आणि व्यवसाय

मराठीत ‘खडू’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे प्रथम फळा येतो, चित्र येत नाही. संस्कृत ‘खटिका’ या शब्दाशी त्याचे नाते असून ‘खडी’ हा त्याचाच सगोत्र शब्द होय. खडूने जे लिहावयाचे ते पुसून टाकण्यासाठीच, असा या शब्दाचा रूढ संकेत आहे. त्याही पूर्वी पंतोजींच्या शाळेत मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवीत. ‘धुळाक्षरे’ या शब्दास ‘आरंभीची पायरी’ असा अर्थ आला तो तेथूनच. याउलट ‘पेस्टल’ हा शब्द इटालियन ‘पास्तेल्लो’पासून फ्रेंच भाषेच्या मार्गाने इंग्रजीत आणि तेथून मराठीत आला. त्याच्या मुळाशी ‘पास्ता’, म्हणजे मळलेला गोळा, हा अर्थ आहे. एक शब्द वस्तूच्या घडणीकडे पाहतो. दुसरा तिच्या पुसले जाण्याकडे. ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात राहून या साधनावर निर्वाह करू पाहणाऱ्या चित्रकाराचा जीवनक्रम या दोन अर्थांच्या ओढाताणीत घडतो. त्याचे स्वरूप समजून घ्यावयाचे तर आरंभ साधनापासूनच केला पाहिजे.

पेस्टलची कांडी म्हणजे बारीक दळलेले रंगद्रव्य, त्यात छटेप्रमाणे मिसळलेली पांढरी माती किंवा खडूची पूड, आणि ते कण जेमतेम एकत्र राहतील एवढाच डिंक. हा ओला गोळा हाताने वळून वाळवितात. तैलरंगात रंगद्रव्याचे कण तेलाच्या पापुद्र्यात कायमचे बद्ध होतात. जलरंगात डिंक त्यांना कागदाशी चिकटवितो. पेस्टलमध्ये मात्र ते कागदाच्या खरबरीत पोतात केवळ अडकून बसतात. आपल्याकडील परिचित उदाहरण घ्यावयाचे तर रांगोळीचे घेता येईल. शिरगोळ्याच्या पुडीत रंग मिसळून काढलेल्या रांगोळीत बंधकद्रव्य मुळीच नसते. डोंबिवलीत १९९९ साली गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली. अशा यात्रांच्या मार्गावर पहाटे घातलेली रांगोळी दुपारपर्यंत पायांखाली विसकटते आणि त्याचे कोणास वाईट वाटत नाही, कारण क्षणिकता हा तिचा धर्मच मानलेला आहे. पेस्टल हे घटनेच्या दृष्टीने तैलचित्रापेक्षा रांगोळीस जवळचे. अपेक्षा मात्र त्याच्याकडून तैलचित्राची. चित्रकाराच्या बहुतेक अडचणींचे मूळ या विसंगतीत आहे.

येथे एक सामान्य गैरसमज दूर करणे अवश्य आहे. शाळेतील मुले ज्यास ‘पेस्टल’ म्हणतात ते तैलखडू होत. मेण आणि न वाळणारे तेल यांनी बांधलेला हा खडू जपानमध्ये साकुरा या कंपनीने १९२५ साली शालेय मुलांसाठी प्रचारात आणला. तो बोटांना चिकटतो, उडत नाही, आणि स्वस्तही पडतो. एकाच नावाखाली दोन भिन्न द्रव्ये नांदू लागल्याने, कोरड्या पेस्टलने प्रौढ वयात गंभीर काम करणाऱ्या चित्रकारास ‘मुलांचे रंग’ वापरल्याचा शेरा ऐकावा लागतो.

साधनाच्या घटनेतूनच कामाची पद्धती ठरते. पॅलेटवर दोन रंग कालवून तिसरा सिद्ध करण्याची सोय येथे नाही. मिश्रण व्हावयाचे ते कागदावरच, एका थरावर दुसरा थर देऊन किंवा शेजारी रेघा ओढून. म्हणून प्रत्येक रंगाच्या गडद, मध्यम आणि फिकट अशा अनेक कांड्या जवळ बाळगाव्या लागतात. कागद दाणेदार, बहुधा रंगीत, काही वेळा पॉलिशपेपरासारखा खरखरीत असा निवडतात. प्रथम कठीण कांडीने आकार मांडावयाचा, मग गडद भाग, आणि सर्वांत मऊ, सर्वांत उजळ स्पर्श अखेरीस. कागदाचे दाणे एकदा भरले की पुढचा थर धरत नाही, घसरतो. त्यामुळे दुरुस्तीला मर्यादा असते. बोटाने घोटत राहिल्यास रंगातील तेज जाऊन तो मळकट होतो. रंग वाळण्याची वाट पाहावी लागत नाही हे सुख खरे. परंतु प्रत्येक स्पर्श विचार करूनच द्यावा लागतो.

चित्र पुरे झाल्यावर ते टिकवावयाचे कसे, हा प्रश्न उरतो. फिक्सेटिव्ह फवारल्यास कण काहीसे बसतात, परंतु चित्र काळवंडते. कोरडी वाळू भिजताच गडद दिसते, तसाच हा प्रकार. कणांमधील हवेची जागा द्रवाने भरली की प्रकाशाचे विखुरणे कमी होते, आणि ज्या मखमली उजळपणासाठी हे माध्यम निवडले तोच उणावतो. म्हणून अनेक जण शेवटचा थर न फवारताच ठेवतात आणि चित्र काचेआड बंद करतात. काच चित्रास टेकू नये म्हणून मधे जाड माउंट घालावा लागतो. काचेऐवजी हलका ॲक्रिलिकचा पत्रा वापरावा तर त्यावरील स्थिरविद्युत कण ओढून घेते.

या ठिकाणी स्थळाचा विचार येतो. ठाण्यात वर्षाकाठी सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. खाडीकाठची हवा आधीच दमट. त्यात पावसाळ्यात कागद सर्दावतो, फुगतो, आणि डिंकावर व माउंटवर बुरशी धरते. म्हणून चित्र बाहेरच्या ओलसर भिंतीवर न लावता आतल्या भिंतीवर, मागे हवा खेळेल असे टांगावे लागते. दोन खोल्यांच्या घरात आणखी एक अडचण असते ती धुळीची. कॅडमियमसारखी काही रंगद्रव्ये श्वासावाटे शरीरात जाणे घातक असल्याने चित्र तोंडाने फुंकणे वर्ज्य. कागद उभा ठेवून मागून हलकेच टिचकी मारावयाची, खाली पडलेली पूड ओल्या फडक्याने टिपावयाची, आणि तोंडावर मुखपट्टी बांधावयाची. ज्या खोलीत मूल निजते तेथे हे काम करता येत नाही.

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे हा लोहमार्ग सुरू झाला तेव्हापासून या गावांचे तोंड मुंबईकडे वळलेले आहे. १८५७ साली स्थापन झालेले जे. जे. कलाविद्यालय आणि १९५२ साली उघडलेले जहांगीर कलादालन ही दोन्ही त्याच मार्गाच्या टोकाजवळ. ठाण्याहून ते अंतर सुमारे ३४ किलोमीटर, कल्याणहून सुमारे ५४. गर्दीच्या लोकलमध्ये तैलचित्र धक्के सोसते; पेस्टलचे चित्र प्रत्येक हादऱ्यागणिक थोडे थोडे झडते. ते बटर पेपरमध्ये झाकून, दोन पुठ्ठ्यांत आवळून, आडवे धरून न्यावे लागते. टॅक्सी करावी तर खर्च, न करावी तर जोखीम.

निर्वाहाचा मुख्य आधार बहुधा शिकवणीचा. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकला-परीक्षांचे वर्ग, समोर बसवून काढलेली व्यक्तिचित्रे, आणि क्वचित प्रदर्शनातील विक्री, असे हे उत्पन्न विखुरलेले असते. ग्राहकाच्या मनात कागदापेक्षा कॅनव्हास थोर आणि खडूपेक्षा रंग थोर अशी उतरंड पक्की असते. काच, माउंट, चौकट यांचा खर्च चित्रकाराने आधी करावयाचा, आणि ‘खडूचेच तर काम’ या उद्गाराने किंमत उतरवावयाची ती ग्राहकाने. मराठीत ‘पुसणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत : मिटविणे आणि विचारणे. जे पुसले जाईल त्यास कोणी पुसत नाही, हा या व्यवसायातील रोजचा अनुभव होय.

परंतु इतिहास या उतरंडीस दुजोरा देत नाही. शार्दँ याने डोळ्यांच्या विकारामुळे तैलरंग आवरते घेतले आणि १७७१ पासून, सत्तरी ओलांडल्यावर, पेस्टलमध्ये आपली अविस्मरणीय आत्मचित्रे केली. ओझायस हम्फ्री हा १७८५ ते १७८७ या काळात हिंदुस्थानात सूक्ष्मचित्रे काढीत होता. पुढे दृष्टी अधू झाल्यावर तो पेस्टलकडे वळला आणि १७९२ साली इंग्लंडच्या राजाचा या माध्यमातील व्यक्तिचित्रकार म्हणून नेमला गेला. देगा याचीही दृष्टी उतरत्या वयात मंदावत गेली, आणि त्याचा हात अधिकाधिक याच साधनावर स्थिरावला. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कालांतराने तेल पिवळे पडते, त्याच्या थरास तडे जातात. पेस्टलमध्ये पिवळे पडावयास तेलच नाही. अठराव्या शतकातील ला तूर याची व्यक्तिचित्रे, स्पर्श, ओल आणि प्रखर उजेड यांपासून जपली गेल्यामुळे, अडीचशे वर्षांनंतरही ताजी दिसतात. या माध्यमाचा शत्रू काळ नव्हे, निष्काळजीपणा होय.

तेव्हा ‘नाजूक’ आणि ‘अल्पायुषी’ हे दोन शब्द समानार्थी मानणे चुकीचे ठरते. पेस्टलचे चित्र नाजूक आहे, अल्पायुषी नाही. ते किती काळ टिकेल हे चित्रकार जितके ठरवितो तितकेच ते घरी नेणारा मनुष्यही ठरवितो, आणि त्याने चित्रास कोणत्या नावाने ओळखले यावर त्याची निगा पुष्कळशी अवलंबून असते. ‘खडूचे काम’ म्हणून नेलेले चित्र ओल्या भिंतीवर जाते. तेच नीट माहिती करून घेऊन नेले तर आतल्या कोरड्या भिंतीवर, काचेआड, नातवंडांच्या काळापर्यंत राहते.