एन-९५च्या आतलं नाक

स्किन केअर म्हटलं की आपल्याला सनस्क्रीन, फेसपॅक आणि पार्लरची अपॉइंटमेंट आठवते. आयसीयूत नर्स असलेल्या माझ्या मैत्रिणीचं रुटीन मात्र मास्कभोवती फिरतं!

२०२० मध्ये सोललेली नाकं आणि गालावरच्या खाचा दाखवणारे नर्सेसचे सेल्फी आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केले, वर सलामही ठोकला. पण त्या सरळसरळ जखमा होत्या. त्याच वर्षी चीनच्या हुबेईत ५४२ आरोग्य कर्मचाऱ्यांची पाहणी झाली. ९७ टक्के जणांच्या त्वचेला इजा झाली होती, सगळ्यात जास्त नाकाच्या दांडीवर. सहा तासांहून जास्त वेळ मास्क-गॉगल घालणाऱ्यांना धोका अधिक होता.

दाब, घासणं आणि घाम ही तिकडी एकत्र आली की कातडी भिजून मऊ पडते आणि सोलते. मग खाज सुटते, नकळत हात मास्ककडे जातो. हाताला भेगा असतील तर सॅनिटायझर झोंबतं, म्हणून ते टाळलं जातं. म्हणजे प्रश्न दिसण्याचा नाहीच, इन्फेक्शनचा आहे.

मैत्रिणीकडून कळलेलं सांगते. बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर ड्युटीच्या अर्धा तास आधी लावायचं, म्हणजे ते पुरतं जिरतं. चेहरा चिकट असेल तर मास्क सरकतो. लेटेक्सच्या ग्लोव्हजखाली व्हॅसलिन नको, रबर कमजोर होतं. ग्लोव्हज कोरड्या हातांवरच चढवायचे. हातांवर मळ दिसत नसेल तर वारंवार साबणापेक्षा अल्कोहोल रब बरा, आणि गरम पाणी तर नकोच. नाकावर पातळ सिलिकॉन ड्रेसिंग चालतं, पण ते लावल्यावर मास्कचं सील पुन्हा तपासायलाच हवं. कडेनं हवा निसटली तर एन-९५ घालून उपयोग काय? आधीच सोललं असेल तर वरून पट्टी मारून दिवस ढकलायचा नाही, डॉक्टरांना दाखवायचं.

आणि सगळ्यात गुणकारी उपाय फुकटातला: दर दोनेक तासांनी सुरक्षित जागी जाऊन, हात स्वच्छ करून, पाच मिनिटं मास्क उतरवायचा.

‘‘मग उतरवतेस ना?’’ मी विचारलं.

ती हसली. ‘‘अगं, ब्रेक कागदावर आहे. पण तेवढ्या वेळात माझ्या पेशंटजवळ कोण उभं राहणार?’’

याचं क्रीम अजून कुठल्याच कंपनीनं काढलेलं नाही. त्यासाठी वॉर्डात आणखी एक माणूस लागतो.