खेळाच्या पोटात (भाग ११) : वंश नवा, पेशा कोणता?

मागच्या भागात फटके झेलणारा, जखमा भरणारा आणि मारा करणारा ही तीन कामं आपण पाहिली. त्यावर लातूरहून भाच्याचा फोन आला. तो तिथे ट्युशन एरियात खोली करून राहतो आणि रविवारची टेस्ट संपली की तासभर ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ खेळतो. त्याने नवं पात्र करायला घेतलं होतं. वंश निवडला वॉरगेन, म्हणजे शापाने लांडगा झालेला माणूस. करायचा होता पॅलॅडिन, म्हणजे धर्मयोद्धा. पण काही केल्या तो निवडता येईना. “मामा, माणसाला पॅलॅडिन होता येतं. मग तोच माणूस लांडगा झाला की का नाही?” प्रश्न इतका नेमका होता की आजचा भाग त्यालाच दिला.

आधी शब्दाचं पाहू. लातूर-नांदेडात क्लास म्हणजे शिकवणी. या खेळांत क्लास म्हणजे पात्राचा पेशा: लढवय्या, जादूगार, पुजारी, शिकारी. मी इथे पेशाच म्हणतो. पात्र कोणत्या वंशात जन्मलं आणि ते काय काम करतं, या दोन गोष्टी तुम्ही पहिल्याच पडद्यावर ठरवता.

हा खेळ 23 नोव्हेंबर 2004 रोजी आला तेव्हा 8 वंश आणि 9 पेशे होते. खेळाडूंच्या दोन बाजू, अलायन्स आणि होर्ड. पॅलॅडिन फक्त अलायन्सकडे, पंचमहाभूतांना विनवणारा शामन फक्त होर्डकडे. प्राण्याचं रूप घेणारा ड्रुइड व्हायचं तर वंश दोनच, नाइट एल्फ नाहीतर टॉरेन. वंशावरून पेशा ठरण्याची ही रीत आणखी जुनी आहे. 1974 साली आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावरच्या खेळापासून ती चालत आली. त्याच्या 1978 च्या नियमपुस्तकात पॅलॅडिन फक्त माणसालाच होता यायचं. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीने ही बंधनं काढून टाकली.

वॉरक्राफ्टला मात्र या वाटणीने एक अवघड प्रश्न दिला. एका बाजूला पॅलॅडिनचे आशीर्वाद, दुसऱ्या बाजूला शामनचे टोटेम, म्हणजे मंतरलेले खांब. राक्षस तोच, पण त्याच्याशी लढायला गेलेल्या चाळीस जणांच्या दोन फौजांकडची हत्यारं वेगळी. लढाई दोघांना सारखीच अवघड करायची कशी? 2007 च्या जानेवारीत ‘द बर्निंग क्रुसेड’ या खेळाच्या पुरवणीबरोबर दोन नवे वंश आले आणि हा तिढा सुटला. ब्लड एल्फमुळे होर्डला पॅलॅडिन मिळाला, ड्रेनायमुळे अलायन्सला शामन. अडचण खेळाची होती, उत्तर कथेतून दिलं. ब्लड एल्फांनी प्रकाशाच्या एका दिव्य जीवाला कैद केलं आणि त्याची शक्ती ओरबाडून ते पॅलॅडिन झाले.

पण खरी मजा 7 डिसेंबर 2010 च्या ‘कॅटॅक्लिझम’ या पुरवणीमध्ये आहे. वॉरगेन आणि गॉब्लिन हे वंश तेव्हा आले, दोघांनाही आठ-आठ पेशे मिळाले. वॉरगेन हे गिल्नियास राज्याचे. भलीमोठी भिंत बांधून जगापासून तुटलेलं हे राज्य. तिथल्या खेड्यांत पिकांना बरकत यावी म्हणून जुन्या विद्येने धरतीला आळवणाऱ्या बाया होत्या, त्यांना ‘हार्वेस्ट विच’ म्हणतात. त्या विद्येतूनच पुढे गिल्नियासचे ड्रुइड झाले. लातूरकरांना हे समजवायची गरज नाही. येळवशीला आपण रानात जातो, कडब्याची कोप उभी करतो, आत पांडव मांडून पूजतो, भज्जी-आंबिलीचा नैवेद्य दाखवतो आणि पिकावर आंबील शिंपडतो. ज्याने ती कोप बांधली आहे त्याला शेतकऱ्यातून ड्रुइड कसा निघाला, हे चटकन कळेल.

गॉब्लिन शामनही असाच विचाराने घडवलेला. इतर शामन पंचमहाभूतांना विनवतात. गॉब्लिन पडला व्यापारी, तो अग्नी-वायूशी सौदा करतो, मोंढ्यात हळदीचा करावा तसा. गॉब्लिनाला ड्रुइड मात्र होता येत नाही. झाडं तोडून यंत्रं उभारणाऱ्याला ते शोभलंही नसतं.

आता भाच्याचं उत्तर. गिल्नियासने अलायन्सशी नातं तोडलं आणि भिंतीआड गेलं, त्यामुळे पॅलॅडिनांची परंपरा तिथे रुजली नाही, असं मी समजतो. हिशेबाचं कारणही आहे. अलायन्सकडे तोवर माणूस, ड्वार्फ आणि ड्रेनाय असे तीन वंशांचे पॅलॅडिन होते, पण ड्रुइड एकट्या नाइट एल्फचा. कमतरता ड्रुइडची होती. वॉरगेनने ती भरली, होर्डकडे ट्रोलने. शिवाय ड्रुइड देणं म्हणजे चित्रकारांना मोठं काम. त्याचं अस्वल, त्याचा बिबट्या ही रूपं त्या-त्या वंशासाठी वेगळी घडवावी लागतात. नव्या वंशाला सगळेच पेशे का मिळत नाहीत, त्यातला काही भाग असा कष्टाचाही असतो.

‘कॅटॅक्लिझम’मध्येच टॉरेनला पॅलॅडिन होण्याची वाट उघडली, आणि माझ्या मते वीस वर्षांतली ही सगळ्यात सुंदर जोडणी आहे. टॉरेन म्हणजे शिंगं असलेले धिप्पाड भटके लोक, धरणीमातेचे भक्त. सूर्य आणि चंद्र हे तिचे दोन डोळे. ड्रुइडांनी चंद्राला भजलं, मग सूर्याला कोण भजणार? या एका प्रश्नातून ‘सनवॉकर’ उभे राहिले. त्यांनी परक्याचा धर्म उसना घेतला नाही, स्वतःच्याच श्रद्धेतली रिकामी जागा भरली. त्यांचं वाहनसुद्धा घोडा नाही, सजवलेला कोडो नावाचा धिप्पाड प्राणी आहे.

जन्मावरून काम ठरणं आपल्या मराठवाड्याने खेळात नाही, गावगाड्यात पाहिलं आहे. कोणाच्या हाती चामडं आणि कोणाच्या हाती पोथी, हे पाळण्यातच ठरायचं. म्हणून बंद असलेला पेशा दिसला की मला बरं वाटत नाही, आणि तो उघडला की आनंद होतो. 2022 मध्ये जादूगार, पुजारी आणि रोग (म्हणजे लपूनछपून वार करणारा भामटा) हे तीन पेशे जवळपास सगळ्या वंशांना खुले केले गेले. निर्णय योग्यच. पण दबक्या पावलांनी चालणाऱ्या टॉरेन रोगला सनवॉकरइतकी गोष्ट मिळाली नाही, ही त्यातली उणीव. दार उघडताना त्या लोकांच्या घरातली किल्ली वापरावी, एवढीच माझी अपेक्षा. त्याच वर्षी आलेल्या ड्रॅक्थिर या ड्रॅगनवंशाला तर सुरुवातीला एकच पेशा होता, इव्होकर.

पहिल्यांदा खेळणाऱ्यांनी आधी पेशा ठरवावा, मग वंश. रोज करायचं असतं ते काम, चेहरा नंतर बदलता येतो. विसाव्या लेव्हलपर्यंत हा खेळ पैसे न भरता खेळता येतो, तेवढ्यात दोन-तीन पेशे करून पाहा. भाच्याने वॉरगेन ड्रुइड केला आहे. पुढच्या रविवारी त्याच्याच पात्रावरून आपण कौशल्यांची झाडं, म्हणजे टॅलेंट ट्री, समजून घेऊ.